‘किती जीबीचं कार्ड?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

स्वस्त डेस्कटॉपला गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड बसवायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती जीबीचं?’, म्हणजे त्यावर मेमरी किती, हाच येतो. फ्रीज किती लिटरचा, टीव्ही किती इंची, तसं कार्ड किती जीबीचं. गिऱ्हाईक तसंच मागतं, दुकानदार तसंच काढून देतो आणि खोक्यावरही तोच आकडा सगळ्यात ठळक असतो. मेमरी कोणत्या जातीची आहे (वेग बराचसा त्यावरच ठरतो), हे बाजूच्या पट्टीवर बारीक अक्षरात. हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं, पण फार मागे नाही. १९९६च्या वूडू कार्डांपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. तेव्हा आपल्याकडे घरात कॉम्प्युटर असणं हीच गल्लीतली बातमी होती.

खरी सुरुवात ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरच असलेल्या ग्राफिक्सच्या काळात झाली. २००४ ते २००९ या वर्षांत घराघरांत असेम्बल्ड पीसी आले, त्यांत ९१५, ९४५ आणि पुढे जी३१ चिपसेटचे मदरबोर्ड होते. टाइपिंगला, गाण्यांना, सिनेमाला उत्तम. व्हाइस सिटीसुद्धा रडतखडत चालायची. नव्या गेमची सीडी टाकली की मात्र स्क्रीनवर हवा तो पिक्सेल शेडर (चित्रातले रंग-प्रकाश ठरवणारी सोय) नसल्याचा निरोप यायचा आणि डाव तिथेच संपायचा. मग कुणीतरी पेनड्राइव्हवर स्विफ्टशेडर आणून द्यायचं. ग्राफिक्स कार्डाचं काम प्रोसेसरच्या गळ्यात मारणारा तो जुगाड होता. गेम सुरू व्हायचा खरा, पण गाडी वळणावर एका जागी, आणि डोळे मिचकावेपर्यंत थेट कठड्यात. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको.

त्याच सुमारास ‘मेमरी’ हा आकडा खोक्यावर बसला. २००४च्या अखेरीस हिरव्या कंपनीने, म्हणजे एनव्हिडियाने (दोन्ही कंपन्यांना गेमर मंडळी त्यांच्या रंगानेच ओळखतात) जीफोर्स ६२०० टर्बोकॅश काढलं. कार्डावर स्वतःची मेमरी १६, ३२ किंवा ६४ एमबी, बाकीची कॉम्प्युटरच्या रॅममधून उसनी. आणि खोक्यावर ‘१२८ एमबी सपोर्ट’, ‘२५६ एमबी सपोर्ट’. लाल गोटानेही (तेव्हाची एटीआय, पुढे एएमडी) हायपरमेमरी नावाने तोच प्रकार केला. उसनवारीचे पैसे पगारात धरून सांगावेत, तसा हा हिशेब. नावाचा घोळ तर त्याहून जुना आहे. २००२चं जीफोर्स ४ एमएक्स नावाने चौथ्या पिढीचं होतं, पण आतली घडण दुसऱ्या पिढीच्या जवळची. तेव्हा आपल्यातल्या फारच थोड्यांना हे कळत होतं, कळलं तरी पर्याय नव्हता.

२०१२ला लाल गोटातून एचडी ७७५० आलं. ते ५५ वॅटवर चालायचं आणि त्याला एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) वेगळी वायर लागत नव्हती. ही गोष्ट बाहेरच्या समीक्षकांना किरकोळ वाटेल, आपल्याकडे ती निर्णायक होती. बाराशे-पंधराशेच्या कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस फुकट यायचा, त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असे. त्यातले निम्मे तरी खरे असतील का, हे देव जाणे. सहा पिनांची वायर त्यातून निघतच नसे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, म्हणजे बजेट गेमरची लक्ष्मणरेषा तीच. फेब्रुवारी २०१४मध्ये त्या रेषेच्या आत जीटीएक्स ७५० टीआय आलं. ६० वॅट, ६४० कोअर (चिपमधले आकडेमोड करणारे भाग), किंमत १४९ डॉलर. जुन्या ऑफिसच्या मशीनचं झाकण उघडायचं, कार्ड स्लॉटमध्ये दाबायचं, स्क्रू मारायचा, झालं. स्वस्तातल्या अपग्रेडचा इतिहास लिहिणारे कोणत्याही मोठ्या कार्डाच्या आधी याचं नाव घेतात, आणि योग्यच करतात.

पण १४९ डॉलर म्हणजे आपल्याकडे कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा धरून बऱ्याच घरांत कॉलेजची फी आठवावी इतकी रक्कम. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत जे कार्ड सपाटून विकलं गेलं, ते त्याच वर्षी जूनमध्ये आलेलं जीटी ७३०. एका नावाखाली ही तीन निराळी कार्डं होती. एक जुन्या फर्मी घडणीचं, ९६ कोअरचं, १२८ बिटचं (ही मेमरीच्या वाटेची रुंदी), डीडीआर३ मेमरीचं. दुसरं नंतरच्या केप्लर घडणीचं, ३८४ कोअरचं, पण ६४ बिट डीडीआर३चं. तिसरं तेच केप्लर, मेमरी मात्र जीडीडीआर५, म्हणजे खास ग्राफिक्ससाठीची वेगवान. पहिल्याची मेमरी सेकंदाला २८.८ जीबी माहिती वाहून नेते, दुसऱ्याची १४.४, तिसऱ्याची ४०. गंमत अशी की तिसरं, म्हणजे सगळ्यात चपळ, ते १ जीबीचंही मिळायचं. आणि सगळ्यात मंद जातीचं २ आणि ४ जीबीत.

आता गिऱ्हाईक काय घेणार? मी काय घेतलं ते सांगतो. ४ जीबीचं. काउंटरवर दोन्ही खोकी समोर होती आणि माझ्याकडे पाहून दुकानदार म्हणाला, ‘थोडे पैसे वाचवून एक जीबीवालं कशाला नेताय, नंतर पस्तावाल.’ त्याने फसवलं असं म्हणणार नाही, त्यालाही ठाऊक नसावं. घरी आल्यावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. मेमरीच्या रकान्यात डीडीआर३, त्याखाली ६४ बिट. त्या चिपला ४ जीबी भरून वापरायचं बळ कधी आलंच नाही. मित्राचं १ जीबीवालं त्याच गेममध्ये माझ्यापेक्षा सुरळीत पळायचं.

या तिळ्या भावंडांचं आयुष्यही सारखं नव्हतं. फर्मीवाल्यांसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०१८मध्ये थांबले, केप्लरवाल्यांसाठी २०२१मध्ये. खोक्यावर नाव एकच, मरणाची तारीख मात्र तीन वर्षांच्या फरकाने.

इतकं होऊनही जीटी ७३०वरून फारसा गदारोळ झाला नाही. तीन जाती सुरुवातीलाच जाहीर होत्या, असं म्हणायला जागा होती. गदारोळ झाला तो जीटी १०३०वरून. या संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात वादाचा निर्णय तोच, त्यामुळे त्यावर जरा थांबतो.

मे २०१७ला जीटी १०३० बाजारात आलं. २ जीबी जीडीडीआर५, ३८४ कोअर, ३० वॅट. पंख्याशिवाय, नुसत्या हीटसिंकवरही मिळायचं. अर्ध्या उंचीच्या पट्टीसह यायचं, त्यामुळे ऑफिसातून बाहेर पडलेल्या चपट्या डेस्कटॉपमध्येही बसायचं. तेव्हा कार्डं राबवून क्रिप्टो-कॉइन खोदणाऱ्यांनी मधल्या फळीतली कार्डं उचलून नेली होती आणि जे उरलं त्याचे भाव भडकले होते. अशा वेळी हे इवलंसं कार्ड सीएस गो, डोटा, जुना जीटीए असं बरंच काही सुखाने चालवायचं. समीक्षकांनी त्याची शिफारस केली, व्हिडिओ निघाले, ‘पैसे नसतील तर जीटी १०३० घे’ हे वाक्य पाठ झालं.

आणि मग २०१८मध्ये, कसलाही गाजावाजा न होता, त्याच नावाने दुसरं कार्ड आलं. २ जीबीच, पण डीडीआर४. आपण मदरबोर्डवर लावतो त्या रॅमच्याच कुळातली मेमरी. दोन्हीकडे रुंदी ६४ बिट, पण जुन्या कार्डात सेकंदाला ४८ जीबी वाहायचे, नव्यात १६.८. विहीर तीच, पोहरा मात्र तिसऱ्या हिश्श्याचा. चिपचा वेगही थोडा खाली आणला होता आणि वीज २० वॅटवर. चाचण्या झाल्या तेव्हा बऱ्याच गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम जवळपास अर्ध्यावर आल्याचं दिसलं. खोकी शेजारी ठेवली तर फरक कोपऱ्यातल्या एका शब्दाचा, किंवा मॉडेल क्रमांकात कुठेतरी दडलेल्या ‘डी४’चा. ऑनलाइन यादीत तर तेवढंही धड दिसत नसे.

बाजू घेणारे होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. त्या वर्षी मेमरीचे भाव चढले होते. हे कार्ड मुळात दुसरा मॉनिटर जोडायला आणि व्हिडिओ पाहायला आहे, गेमरांनी ते डोक्यावर घेतलं हा कंपनीचा दोष नाही, असंही एक मत होतं. ज्याला एक्सेल आणि यूट्यूबच बघायचंय त्याला डीडीआर४ने काय फरक पडतो?

काही नाही पडत. पण मग नाव १०२० ठेवायला कोणी अडवलं होतं? सगळा वाद या एका प्रश्नावर येऊन अडकतो. एका कार्डाने कमावलेली शिफारस दुसऱ्या कार्डाच्या खोक्यावर चिकटवली गेली. वर्षापूर्वीचा व्हिडिओ पाहून घरात महिनाभर हट्ट धरून बसलेला मुलगा दुकानात जाऊन ‘जीटी १०३०, २ जीबी’ मागतो, त्याला ते मिळतंही, आणि तरीही त्याला ते मिळालेलं नसतं. दोन्ही कार्डांच्या किमतीतला फरकही बऱ्याच ठिकाणी मामुली होता. मला विचाराल तर या प्रकरणात दोन बाजू आहेत असं म्हणणं म्हणजे शिष्टाचार झाला.

हिरव्यांनाच का बोल लावायचा, लाल गोटही धुतल्या तांदळासारखा नव्हता. आरएक्स ५६० हे १०२४ कोअरचं म्हणून प्रसिद्ध. पुढे ८९६ कोअरचंही त्याच नावाने विकलं जाऊ लागलं. २०१७च्या डिसेंबरात बोंबाबोंब झाल्यावर खुलासा आला. आरएक्स ५८० म्हणजे २३०४ कोअर, पण २०१८मध्ये चीनच्या बाजारासाठी २०४८ कोअरचं आरएक्स ५८० निघालं. खरं तर ते आरएक्स ५७०. अनोळखी नावांच्या खोक्यांतून ते आपल्यापर्यंत आलं आणि ‘८ जीबी’ या दोन अक्षरांवर आजही खपतं.

मधली वर्षं वाईट गेली. २०२०च्या अखेरीपासून कार्डं दिसेनाशी झाली, ती इतकी की २०१६चं जीटीएक्स १०५० टीआय २०२१मध्ये पुन्हा बाजारात उतरवावं लागलं. जानेवारी २०२२ला आरएक्स ६५०० एक्सटी आलं आणि त्याने नवीच भानगड उभी केली. मदरबोर्डशी बोलायला त्याला १६ऐवजी चारच वाटा. पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाचा स्लॉट) ४.० पिढीचा असलेल्या नव्या बोर्डावर ते निभतं. ३.०च्या बोर्डावर ४ जीबी मेमरी भरली की माहिती रॅममध्ये सांडते, त्या अरुंद बोळातून ये-जा करते आणि गेम अडखळतो. आता स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे कोणता बोर्ड असणार? बहुतेकदा ३.०च. म्हणजे हे कार्ड ज्यांच्यासाठी काढलं, त्यांच्याकडेच ते सगळ्यात वाईट चालतं.

सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो-कॉइनची पद्धत बदलली, कार्डांनी ते खोदणं बंद पडलं आणि सेकंडहँड बाजारात कार्डांचा पूर आला. २४ तास राबलेली, पंखे खडखडणारी, थर्मल पेस्ट वाळून गेलेली. काहींची नशीबं त्यात उघडली, काहींची चार महिन्यांत स्क्रीनवर रंगीत ठिपके येऊन मिटली.

या सगळ्यात एक वाट कार्डाला वळसा घालून गेली होती. फेब्रुवारी २०१८ला ९९ डॉलरचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर आला, त्याच्या आतलं ग्राफिक्सच जीटी १०३०च्या तोडीला जायचं. अट एवढीच की रॅमच्या दोन कांड्या लावायच्या, कारण ग्राफिक्सला मेमरी त्यातूनच मिळते. आपल्याकडे ‘आत्ता ८ जीबीची एक लावू, दुसरी दिवाळीला’ असं म्हणून एकच कांडी लावली जाते. मग गेम अडकला की दोष प्रोसेसरला. आणि बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ग्राफिक्सची मेमरी २ जीबी केली की वेग वाढतो, हा समज पुन्हा त्याच जुन्या प्रश्नाचं पिल्लू.

अलीकडे मात्र त्या प्रश्नाची उलटीच गंमत झाली आहे. नव्या गेमांना ८ जीबी खरोखरच अपुरे पडू लागलेत. २०२५मध्ये दोन्ही गोटांनी एकाच नावाची कार्डं ८ आणि १६ जीबीत काढली: आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी. तिथे ‘किती जीबीचं?’ विचारणारा शहाणा ठरतो. पण एक पायरी खाली उतरलं की पाढे पंचावन्न. २०२४च्या फेब्रुवारीत आलेलं आरटीएक्स ३०५० ६ जीबी घ्या. मूळ ३०५०मध्ये ८ जीबी आणि २५६० कोअर, यात ६ जीबी आणि २३०४. नाव तेच. फक्त ते ७० वॅटवर, वायरीविना चालतं. त्यामुळे कंपन्यांनी टाकून दिलेल्या रिफर्बिश्ड डेस्कटॉपमध्ये बसवायला सध्या तेच सगळ्यात जास्त सुचवलं जातं, अर्ध्या उंचीचं मिळालं तर उत्तमच.

७५० टीआय आणि १०५० टीआयसाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर २०२५च्या ऑक्टोबरात थांबले. विंडोज १०चा आधारही त्याच महिन्यात संपला. जीटी ७३० मात्र अजून नवंकोरं, सीलबंद मिळतं. डीडीआर३च, आणि खोक्यावर ‘४ जीबी’ पूर्वीइतकंच ठळक.