ब्रिजमधील बोलीचा गैरसमज

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळात कोणत्या हुकमावर किती हात करायचे हे आधी बोलीने ठरते. त्यात एकाच बोलीचा दोन भिडूंनी वेगवेगळा अर्थ घेणे म्हणजे बोलीचा गैरसमज. भिडूला सांगायची असतात तेरा पाने आणि हाताशी शब्द पंधराच: एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प (म्हणजे हुकूम नाही), पास, डबल व रिडबल. म्हणून अनेक बोलींना आधी ठरवून खास अर्थ दिलेले असतात. त्यांना कन्व्हेन्शन म्हणतात. कन्व्हेन्शन साफ विसरली जाते तशी ती कुठपर्यंत लागू, हे न ठरल्यानेही घोळ होतो, आणि मुरलेल्या जोड्यांना हा दुसरा प्रकारच जास्त छळतो.

भिडूच्या १ नो ट्रम्पवर २ चौकट ही जेकबी ट्रान्स्फर: बोलणाऱ्याकडे किमान पाच बदाम असतात आणि भिडूने २ बदाम म्हणायचे असते. पण मध्येच विरोधकाने २ किलवर म्हटले तर? हे बोलून ठेवलेले नसेल, तर एकजण बदाम सांगतो आणि दुसरा चौकट समजून पास देतो. ४ नो ट्रम्पचेही तसेच. ब्लॅकवुड पद्धतीत ती एक्के विचारते. १ नो ट्रम्पवर थेट आली, तर बहुतेक जोड्यांत ‘पाने भक्कम असतील तरच सहावर (म्हणजे बारा हातांवर) जा’ एवढेच सुचवते.

थोर खेळाडूही यातून सुटत नाहीत. १९७५ च्या बर्म्युडा बाउल या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीचे बेलाडोना आणि गरोझो बोलीतल्या गफलतीतून ७ किलवरवर, म्हणजे किलवर हुकूम धरून तेराही हात करण्याच्या बोलीवर, पोचले. हुकमाचा राजा अमेरिकेच्या एडी कँटारकडे होता, डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या भिडूच्या पानांत) हुकमाचे एक्का-राणी एवढेच. राजा सोयीच्या बाजूला आणि दोनच पानांत निघाला, म्हणून डाव झाला. हीच पाने दुसऱ्या टेबलावर खेळताना अमेरिकेने ६ नो ट्रम्प केले होते. इटलीने सामना २६ गुणांनी जिंकला; हा एक डाव बुडता, तर विजेतेपद अमेरिकेचे होते.

गैरसमज हा स्वतः गुन्हा नाही. विरोधकांना जोडीचा करार कळण्याचा हक्क आहे, पाने कळण्याचा नाही. करारानुसार स्पष्टीकरण बरोबर असेल आणि बोलणाराच चुकला असेल, तर विरोधकांचे नुकसान झाले तरी भरपाई नाही. स्पष्टीकरणच चुकीचे असेल, तर पंच निकाल बदलू शकतो. दोहोंपैकी काय घडले याचा पुरावा नसेल, तर स्पष्टीकरण चुकले असे धरले जाते. म्हणून जोडीचे करार लिहिलेले कन्व्हेन्शन कार्ड नीट भरलेले असणे फार मोलाचे.

खरी कसोटी लागते ती भिडूचे चुकीचे स्पष्टीकरण कानावर पडलेल्या खेळाडूची. विरोधकाच्या १ नो ट्रम्पवर त्याने लांब चौकट दाखवायला २ चौकट म्हटले. भिडूने ‘बदाम आणि इस्पिक’ असे समजावून २ बदाम सांगितले. घोटाळा त्याला कळला आहे, पण ते ज्ञान वापरायची त्याला मनाई आहे. भिडूला आपली चौकट समजली आहे आणि त्याच्याकडे स्वतःचे लांब बदाम आहेत, असे मानूनच पुढे जायचे. पास देणे वाजवी असताना ३ चौकटवर पळून गेल्यास पंच तो निकाल रद्द करू शकतो. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचे नाही. दुरुस्तीची वेळही ठरलेली आहे: बोली जिंकून डाव खेळणाऱ्या बाजूने शेवटच्या पासनंतर पंचाला बोलावून सांगायचे, बचाव करणाऱ्यांनी डाव संपल्यावरच. ब्रिजमधल्या प्रामाणिकपणाचा कस इथे लागतो तसा दुसरीकडे क्वचितच लागत असेल, कारण इथे माहीत असलेले नुकसान गप्प बसून सोसायचे असते.

मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरका पडदा असतो. त्याचा पहिला वापर १९७५ च्या त्याच बर्म्युडा बाउलमध्ये झाला. पडद्यामुळे भिडू एकमेकांना दिसत नाहीत. प्रत्येकजण आपल्या बाजूच्या विरोधकालाच अर्थ सांगतो, सहसा लिहून, त्यामुळे भिडूची चूक कानावर पडत नाही. गैरसमज मात्र तसाच राहतो, आणि पडद्याच्या दोन बाजूंच्या विरोधकांना एकाच बोलीचे दोन अर्थ मिळाले होते, हे पुष्कळदा डाव संपल्यावरच उघड होते.