कुवारबावात फ्लॅट कसे उगवले

2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 च्या जनगणनेत ती 16,15,069 भरली. दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली, आणि त्याच काळात रत्नागिरी शहराच्या वेशीवरच्या कुवारबाव, मिरजोळे, नाचणे या ग्रामपंचायतींच्या हद्दीत इमारतीला लागून इमारत उठत होती. ठाण्या-पुण्याचा बाजार बघून डोळा तयार झालेल्या माणसाला हे गणित उलटं वाटतं. इथे घर घ्यायला किंवा पैसे गुंतवायला निघालेल्याने दलालाचा दर विचारण्याआधी हे उलटं गणित समजून घ्यावं, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच निघतं.

जुनी रत्नागिरी समुद्राकडे तोंड करून बसलेली होती. मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा, पेठकिल्ला हे तिचे पुढचे दरवाजे. पावसाळा सोडला तर मुंबईची आगबोट यायची, त्यामुळे बाजार आणि कचेऱ्या बंदराला धरूनच वाढल्या. नगरपालिका 1876 ची. ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी इंग्रजांनी 1910 मध्ये राजवाडा बांधला तो वस्तीपासून लांब, टेकाडावर. आज तो भाग शहरात पार मुरलाय. त्याच्याही मागे होता तो नुसता सडा. जांभ्याचा उघडा कातळ, पावसाचे चार महिने हिरवा आणि बाकीचे आठ तापलेला. कुणी सुरुंग लावून खड्डे पाडायचं, बाहेरची माती भरायचं आणि हापूसची कलमं लावायचं; बाकी गवत आणि गुरं. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद वरकस, म्हणजे हलकी, नाहीतर सरळ पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक. कुवारबाव या सड्यावरचं गाव.

जमिनीची गोष्ट खोतीपासून धरावी लागते. खोत गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपल्या हिशेबाने वसूल करायचा. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. तिकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा संप 1933 पासून चालू होता. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या खोती निर्मूलन कायद्याने. त्याच्या अलीकडे-पलीकडे 1948 चा कूळकायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाला कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. न्यायाच्या दृष्टीने हे फार मोठं पाऊल होतं, यात वाद नाही. पण अशा जमिनीवर कलम 43 ची शर्त बसली, म्हणजे परवानगीशिवाय विक्री नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर खरेदी झाल्याला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी होते. तोवर मधली साठेक वर्षं निघून गेली होती, आणि मालक झालेली माणसं गावात उरली नव्हती.

ती मुंबईत होती. आधी गिरण्या आणि गोदी, नंतर कचेऱ्या, बेस्ट, महापालिका. जिल्हा मनीऑर्डरवर चालतो असं म्हटलं जायचं ते उगाच नव्हतं. 2011 मध्येसुद्धा इथे हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. बाकीचे पुरुष कुठे होते हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, घराची कौलं चाळायचा, परत जायचा. वारस नोंदी वेळच्या वेळी व्हायच्याच असं नाही, आणि वाटणी बहुधा तोंडीच: “तो वरचा कोपरा काकांचा.”

याचा परिणाम कागदावर कसा दिसतो ते बघण्यासारखं आहे. साधारण अशा गावातला एक सातबारा घ्या. क्षेत्र चौदा-पंधरा गुंठे. भोगवटादाराच्या रकान्यात पहिलं नाव आजोबांचं, ते कंस करून कमी केलेलं. त्याखाली मुलं, त्यातल्या एकापुढे “ए.कु.मॅ.”, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि हा मॅनेजर वारून जमाना झालेला. एका नातवापुढे “अ.पा.क. आई”, म्हणजे अज्ञान असताना आई पालनकर्ती, तो नातू आता निवृत्तीला आलाय, शेरा तसाच. मग मुली आणि त्यांची सासरची नावं. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना मुलाच्या बरोबरीने हिस्सा दिला. हक्काची गोष्ट हक्काचीच, पण एकेका गटावर सह्या करणारे हात त्यामुळे आणखी वाढले. शेवटी “सामाईक क्षेत्र”, आणि इतर हक्कात एखाद्या कुळाचं किंवा विहिरीच्या पाण्याच्या हक्काचं नाव. वीस-पंचवीस माणसं डोंबिवली, विरार, नालासोपारा आणि एखादं बडोद्याला. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

आता बेस्टमधून किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला म्हातारपणी गावाकडे यायचंय. वडिलोपार्जित जागेत घर बांधायचं तर सहहिस्सेदारांची संमती हवी, वाटप हवं, मोजणी हवी. असल्या सामाईक कागदावर बँक कर्ज देत नाही. भांडण काढायची त्याची इच्छा नसते आणि दिवाणी कोर्टात पायऱ्या झिजवायचं वय राहिलेलं नसतं. मग तो गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर, डॉक्टर आणि स्टेशन जवळ असलेल्या ठिकाणी फ्लॅट घेतो. गावच्या घराला कुलूप लावून चावी चुलत्याकडे.

कुवारबावचा बाजार मुळात या माणसाने उभा केला, असं माझं मत आहे. बिल्डरने त्याला चिरे आणि सिमेंट विकलं हे खरं, पण या निवृत्त माणसाने खरी किंमत मोजली ती गोळा केलेल्या सह्यांची. कुणीतरी दारोदार फिरून पंचवीस जणांना एका खरेदीखतावर आणलं, बिनशेती करून घेतलं, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल, काढला. मोकळा कागद हाच इथला दुर्मीळ माल. म्हणून लोकसंख्या घटत असतानाही फ्लॅट खपले.

हा माल कुवारबावातच का पिकला, याची उत्तरं मात्र रस्त्याची आणि रुळांची. कोकण रेल्वे 1998 च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर सुरू झाली. रत्नागिरीचं स्टेशन शहरात आलं नाही. ते सहा-सात किलोमीटर आत, सड्याच्या बाजूला पडलं. आगबोटीच्या काळात जी पाठ होती ती एकदम दर्शनी बाजू झाली. मिरजोळ्याची एमआयडीसी आधीपासून त्याच अंगाला होती, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्रही तिथेच आहे. साळवी स्टॉपपासून कोल्हापूर रस्त्याने निघालं की शहराची हद्द कुठे संपली ते आता कळत नाही.

दुसऱ्या बाजूने समुद्राने ढकललं. 19 फेब्रुवारी 1991 ला किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामाला बंदी, 500 मीटरपर्यंत निर्बंध आले. 2011 मध्ये आणि परत 2019 मध्ये नियम बदलले. आता दाट वस्तीच्या गावांत ही बंदी 50 मीटरपर्यंत खाली येऊ शकते, पण विरळ वस्तीला 200 मीटर कायम आहे. भाट्ये किंवा आरे-वारेच्या किनाऱ्यावर, समुद्र दिसणारं घर प्रत्येकाला हवं असतं. कागद बघितला की बहुतेक जण मुकाट सड्यावर येतात. हा उपनगराचा फायदाच झाला.

परवानग्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण इमारत कोणत्या सालची यावर बरंच ठरतं. ही गावं नगरपालिकेबाहेर, ग्रामपंचायतीत. हद्दवाढीची चर्चा अधूनमधून उठते आणि बसते. जुन्या इमारती बघताना ग्रामपंचायतीचा ठराव आणि घरपट्टीची पावती एवढ्यावर समाधान मानू नये. जिल्हाधिकाऱ्यांचा बिनशेती आदेश, नगररचनाकडचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) हे तीन कागद मागावेत. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत, हा समज कोकणात अजून घट्ट आहे. तो चुकीचा आहे. 2020 च्या डिसेंबरात राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तेव्हापासून चटईक्षेत्र निर्देशांकाचे, म्हणजे एफएसआयचे, आणि पार्किंगचे नियम बरेच एकसारखे झाले.

महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, तसंच. 1 मे 2017 पासून ते लागू आहे. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, विक्री चटईक्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर, करावी लागते, वगैरे. पण 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही. मोठ्या शहरात ही सूट किरकोळ वाटते. छोट्या उपनगरात चार-साडेचार गुंठ्यांतली तळमजला अधिक दोन अशी इमारत सहज त्यात बसते. तिथे गिऱ्हाईक आणि बिल्डर यांच्यामध्ये 1963 चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका मालकीचा जुना कायदा, आणि तुमचा वकील, एवढंच उरतं. वकील बिल्डरनेच सुचवलेला नसावा.

प्लॉटवाल्यांचा किस्सा निराळा. “कोकणात दोन गुंठे” अशी जाहिरात असते. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 2023 च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतजमिनीचा ज्याहून लहान तुकडा करता येत नाही ते माप, जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं ठरलं. बिनशेती न करता त्याहून लहान तुकडा विकायचा तर पळवाट म्हणून दहा अनोळखी गिऱ्हाइकांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवतात. म्हणजे जो गुंता आजोबांच्या पिढीपासून साठ वर्षांत तयार झाला, तो हे लोक पैसे मोजून एका दुपारी विकत घेतात! शिवाय शेतजमीन घ्यायला कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो. शहरातल्या नोकरदाराकडे शेतकरी असल्याचा दाखला बहुधा नसतो.

पाण्याबद्दल दलाल बोलत नाहीत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जांभा तो चाळणीसारखा खाली सोडून देतो. एप्रिल-मे मध्ये सड्यावरच्या विहिरी तळाला जातात, बोअरवेलचा भरवसा नसतो. जागा बघायला मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावं आणि वॉचमनला टँकर आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारावं. परत जुलैत जावं, ते गळतीसाठी. रत्नागिरीतल्या इमारतींच्या गच्चीवर पत्र्याची शेड दिसते ती हौसेची नाही; दोन पावसाळ्यांत स्लॅब पाझरायला लागला की सोसायटी वर्गणी काढून पत्रे टाकते. ती शेड मंजूर नकाशात आहे का, हा प्रश्न मग पुढच्या खरेदीदाराच्या वकिलाला पडतो. पश्चिमेच्या भिंतीवर ओल किती उंच चढली आहे आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूला गंजलेली सळई दिसते का, एवढं बघितलं तरी बांधकामाचा निम्मा अंदाज येतो.

गुंतवणूकदाराला आणखी एक इतिहास माहीत हवा, तो आलेल्या-गेलेल्या प्रकल्पांचा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीत तांबे प्रकल्प येणार होता. लोकांच्या विरोधाने तो गेला. गुहागरला दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला आणि 2001 मध्ये बंद पडला. कंपनीच्या लोकांच्या भाड्यावर ज्यांनी हिशेब मांडले होते, त्यांचे हिशेब तिथेच थांबले. जैतापूरच्या 9,900 मेगावॉटच्या अणुऊर्जा प्रकल्पाची चर्चा जुनी झाली. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली, त्याआधी बाहेरच्यांनी तिथे जमिनी घेऊन ठेवल्याच्या बातम्या आल्या होत्या. मग रिफायनरीसाठी बारसूचं नाव पुढे आलं. दर वेळी सर्वांत आधी भाव हलतो तो मोकळ्या जमिनीचा, आणि अडकतात तेही जमीनवालेच. कुवारबावच्या फ्लॅटला या लाटांचा झटका कमी बसतो, कारण घेणारा प्रकल्पासाठी घेत नाही. त्याच कारणाने तो झपाट्याने वाढतही नाही. भाडेकरू म्हणजे बदलीवर आलेले शिक्षक, बँकवाले, एमआयडीसीतले कामगार आणि अलीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित माणसं. भाडं मिळतं, पण त्यातून कर्जाचा हप्ता फिटेल असं समजू नये. विकायला काढला तर गिऱ्हाईक गणपतीला येतं, बघून जातं आणि मे महिन्यात परत येतं. राहायला घेणाऱ्याने हे मनावर घेऊ नये. तीन वर्षांत पैसे फिरवायचे असतील त्याने हा बाजार सोडावा.

सध्या दोन गोष्टी चालू आहेत. मिऱ्या-नागपूर महामार्गाचं चौपदरीकरण कुवारबावातूनच जातं, त्यामुळे रस्त्यालगतची दुकानं आणि गाळे घेताना भूसंपादनाची हद्द आधी बघावी, दर नंतर. आणि 2024 मध्ये सरकारने कोकण किनाऱ्यावरच्या 1,635 गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. ज्या गावात जागा बघताय ते या यादीत आहे का, परवानगी आता कोण देणार, हे गावाचं नाव घेऊन विचारावं लागतं.

एक गोष्ट अजून फारशी कुणाच्या ध्यानात नाही. रेल्वे आल्यानंतरच्या पहिल्या लाटेतल्या इमारती आता पंचवीस वर्षांच्या होत आल्या. छोट्या इमारतींत सोसायटी नोंदवायची राहून जाते, आणि झाली तरी जमिनीचं हस्तांतरण होत नाही. सातबाऱ्यावर बिल्डर किंवा मूळ मालकाचं नाव तसंच राहतं. त्यातला कुणी वारला की वारस लागतात. जुना फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्याने करारनाम्याच्या प्रतीबरोबर त्या गटाचा आजचा सातबाराही काढावा आणि त्यावर किती नावं चढली आहेत ती मोजावीत. 2008 च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. तो केलाय का, हे सोसायटीच्या सचिवाला इसार देण्याआधी विचारावं.