पिकासोच्या आधीचं ‘क्वात्रे गाट्स’

बार्सिलोनाच्या जुन्या भागात मोन्सियो नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या ‘एल्स क्वात्रे गाट्स’ या उपाहारगृहात पर्यटक येतात ते बहुतेक पिकासोच्या नावाने. त्याचं पहिलं एकल प्रदर्शन इथे भरलं, इथल्या मेनूकार्डासाठी त्याने चित्र काढलं, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते खरंही आहे. पण पिकासो इथे येऊ लागला तेव्हा या भिंतींवर आधीच चित्रं होती आणि ती कातालोनियाच्या, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी आहे त्या स्पेनमधल्या प्रांताच्या, चित्रकारांची होती. त्यांना उपाहारगृहाची भिंत का लागली, हे कळलं तरच या जागेचं मोल कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्सिलोना झपाट्याने बदललं. 1854 पासून शहराची तटबंदी पाडायला सुरुवात झाली, 1859 मध्ये सेर्दा या अभियंत्याने नव्या विस्ताराचा आराखडा मांडला, आणि 1888 मध्ये इथे जागतिक प्रदर्शन भरलं. कापडगिरण्यांवर आणि क्युबाच्या व्यापारावर श्रीमंत झालेली घराणी नव्या रुंद रस्त्यांवर वाडे बांधू लागली. पैसा आला, कातालान भाषेबद्दलचा आणि संस्कृतीबद्दलचा अभिमानही जोर धरू लागला. मात्र राज्यकारभार माद्रिदचा होता, आणि चित्रकाराच्या डोक्यावर सरकारी मान्यतेची मोहोर उमटायची तीही माद्रिदच्या मोठ्या प्रदर्शनांत, परीक्षक मंडळाच्या मर्जीने.

शहरात चित्रं दाखवायची प्रतिष्ठित जागा म्हणजे पेत्रित्शोल गल्लीतलं ‘साला पारेस’. चित्रकलेचं साहित्य विकणाऱ्या जुन्या दुकानातून 1877 मध्ये ही गॅलरी उभी राहिली. ती चांगली होती, आजही चालू आहे. पण तिथे चित्र लागायचं तर नाव हवं, गिऱ्हाईक हवं, निदान कुणाची तरी शिफारस हवी. कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांकडे यातलं काहीच नसायचं.

ही कोंडी फोडली ती गंमत म्हणजे पैसेवाल्या घरांतल्या चित्रकारांनी. रामोन कासासच्या वडिलांनी क्युबात पैसा कमावला होता. सांतियागो रुसिन्योलच्या घराण्याची कापडगिरणी होती. दोघे पॅरिसला गेले आणि 1890 च्या सुमारास मोंमार्त्रमध्ये राहिले. त्यांच्याबरोबर मिकेल उत्रियो होता: लेखक, चित्रकार, समीक्षक आणि सावल्यांच्या खेळात रमणारा माणूस. चित्रकार सुझान व्हालादोंच्या मुलाला त्याने कायद्याने आपलं नाव दिलं, तोच पुढे प्रसिद्ध झालेला चित्रकार मॉरिस उत्रियो. पॅरिसमध्ये या मंडळींनी रोदोल्फ सालिसचं ‘ल शा न्वार’, म्हणजे ‘काळं मांजर’, जवळून पाहिलं. 1881 मध्ये सुरू झालेल्या त्या जागेत लोक प्यायला येत, गाणी ऐकत, सावल्यांचा खेळ पाहत आणि भिंतीवरची चित्रंही पाहत. तिथे कुणी परीक्षक नव्हता.

या चौकडीतला चौथा पेरे रोमेऊ. उंच, किडकिडीत, लांब केसांचा. पॅरिसच्या त्या सावल्यांच्या खेळांशी त्याचाही संबंध आला होता. चित्रकार म्हणून त्याने फारसं काही केलं नाही. सायकल, खेळ आणि माणसं जमवणं हे त्याचे छंद. 12 जून 1897 रोजी त्याने बार्सिलोनात ‘एल्स क्वात्रे गाट्स’ उघडलं, आणि त्यासाठीचा मोठा आर्थिक भार कासासने उचलला. नावाचा अर्थ ‘चार मांजरं’. पॅरिसच्या काळ्या मांजराला तो सलाम होता, शिवाय कातालान बोलीत अगदी मोजकी माणसं जमली की असंच म्हणतात.

जागाही विचार करून निवडलेली दिसते. ‘कासा मार्ती’ ही इमारत वर्षभरापूर्वीच पुरी झाली होती. वास्तुकार जुझेप पुज इ कादाफाल्क तेव्हा तिशीच्याही आतला. उत्तर युरोपातल्या गॉथिक इमारतींची आठवण करून देणाऱ्या कमानी, कोरीव दगड, लोखंडाचं नक्षीकाम, आणि कोपऱ्यावर जुझेप लिमोनाने घडवलेला संत योसेफ. हाच वास्तुकार पुढे कातालोनियाच्या प्रादेशिक सरकारचा अध्यक्ष झाला. आतमध्ये लाकडी तुळया, रंगीत फरशा, जड बाकं आणि लोखंडी दिवे. बाहेरून पाहणाऱ्याला एखादी मध्ययुगीन धर्मशाळा वाटावी, पण आत चर्चा चालायची ती उद्याच्या कलेची.

मुख्य भिंतीवर कासासचं मोठं तैलचित्र होतं. दोघांनी चालवायच्या सायकलवर पुढे स्वतः कासास, तोंडात पाइप, पाठ वाकवून पायडल मारतोय. मागे रोमेऊ, मान वळवून पाहणाऱ्याकडे बघतोय. पार्श्वभूमीला शहर नुसत्या रेषांमध्ये सूचित केलेलं. पावणेदोन मीटरहून जास्त उंच आणि दोन मीटरहून जास्त रुंद असलेलं हे चित्र एखाद्या जाहिरातीसारखं सपाट आणि मोकळं आहे. चित्रावर कातालानमध्ये एक ओळ होती: सायकल चालवायची तर पाठ ताठ ठेवून चालत नाही. त्या काळच्या तैलचित्रात श्रीमंत माणूस बसायचा तो ताठ, हातात काठी घेऊन. इथे श्रीमंत घरचा चित्रकार घाम गाळत, वाकून, आपल्या खानावळवाल्या मित्राला ओढत नेतोय. त्या पिढीचं म्हणणं मला या चित्रात सगळ्यात स्वच्छ दिसतं. 1901 मध्ये नवं शतक लागल्यावर कासासने त्या जागी दुसरं चित्र लावलं. त्यात सायकलऐवजी मोटारगाडी होती.

भिंती पहिल्यापासून प्रदर्शनासाठीच राखलेल्या होत्या. मागच्या मोठ्या दालनात आज चित्रं लागत, उद्या तिथेच बाहुल्यांचा खेळ होई. जुली पी याचे बाहुल्यांचे खेळ मुलांमध्ये भलतेच लोकप्रिय होते आणि त्यांची पोस्टर कासास काढायचा. इसाक आल्बेनिस आणि एन्रिक ग्रानादोस हे संगीतकार इथे पियानो वाजवून गेले. 1901 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन संगीतकार वॅग्नरच्या चाहत्यांची बार्सिलोनातली वॅग्नर संस्था इथेच स्थापन झाली. 1899 मध्ये याच नावाचं साप्ताहिकही निघालं, कातालान भाषेत. 15 अंकांनंतर ते थांबलं आणि कासास व उत्रियोंनी ‘पेल इ प्लोमा’ काढलं. चित्र, खेळ, गाणं आणि छापील अंक एकाच छपराखाली असल्यामुळे इथे जेवायला आलेला माणूस नकळत चित्रं पाहून जायचा. साला पारेसमध्ये येणारा प्रेक्षक चित्र बघायलाच येत असे. तो आधीच ठरवून आलेला. हा फरक फार मोठा होता.

याच भिंतींवर इझिद्रे नोनेलची चित्रं लागली, आणि माझ्या मते क्वात्रे गाट्सने केलेलं सगळ्यात धीराचं काम हेच. नोनेलचा जन्म 1872 चा. 1896 मध्ये तो पिरेनीज पर्वतातल्या काल्देस दे बोई या गावी गेला आणि तिथल्या रोगाने खुरटलेल्या, मतिमंद माणसांची चित्रं काढून आला. चित्रांत कीव नाही, सजावटही नाही. जाड काळ्या रेषेत ओणवी झालेली, एकमेकांना टेकून बसलेली माणसं. 1898 मध्ये स्पेनने क्युबा ही आपली वसाहत गमावली आणि आजारी, हाडांचे सापळे झालेले सैनिक बार्सिलोनाच्या बंदरात उतरू लागले. नोनेलने त्यांनाही कागदावर आणलं. ज्या क्युबातल्या पैशावर शहर सजलं होतं, त्याच क्युबातून परतलेली ही माणसं. अशी चित्रं कोण दिवाणखान्यात लावणार?

नोनेलबरोबर झुआकिम मीर, रामोन पिचोट, रिकार्ड कानाल्स ही मंडळी होती. शहराबाहेरच्या वस्त्यांत जाऊन, उन्हात बसून ते चित्रं काढत आणि इतका पिवळा रंग वापरत की त्यांना ‘केशराची टोळी’ म्हणू लागले. यातली निम्मी नावं आज कातालोनियाबाहेर कुणाला सांगताही येत नाहीत, हे मला बोचतं.

आता पिकासो. वडिलांना बार्सिलोनाच्या ‘ल्योत्जा’ कलाशाळेत नोकरी मिळाली म्हणून 1895 मध्ये तो या शहरात आला, आणि 1899 पासून क्वात्रे गाट्समध्ये बसू लागला. तेव्हा तो 17 वर्षांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कासासने साला पारेसमध्ये कोळशाने काढलेल्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. शहरातले लेखक, संगीतकार, राजकारणी, सगळी बडी मंडळी त्यात होती. पिकासोच्या मित्रांनी, विशेषतः जाउमे साबार्तेसने, त्याला चिथावलं: तूही काढ, आमची काढ. 1 फेब्रुवारी 1900 रोजी क्वात्रे गाट्सच्या मोठ्या दालनात त्याचं प्रदर्शन उघडलं. दीडशेच्या आसपास चित्रं, बहुतेक कोळशाची आणि रंगवलेली व्यक्तिचित्रं, फ्रेमशिवाय, एकमेकांना लागून भिंतीवर टाचलेली. खोली धुराने भरलेली, उजेड बेताचा. चित्रांमधली माणसं कोण? याच बाकांवर बसणारे बेकार कवी, होतकरू चित्रकार, कर्जबाजारी मित्र. साबार्तेसला त्याने काळ्या झग्यात, डोक्यावर फुलं आणि हातात एक फूल देऊन, थडग्यांच्या पार्श्वभूमीवर ‘ऱ्हासवादी कवी’ करून टाकलं.

कासासशी ही उघड बरोबरी होती. पण कासासची पद्धत घेतल्याशिवाय ती करता आली नसती, आणि भिंत कासासच्याच पैशाची होती. प्रदर्शनातली थोडीच चित्रं विकली गेली. त्यातलं ‘अखेरचे क्षण’ हे तैलचित्र मात्र स्पेनतर्फे पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. पुढे पिकासोने त्याच कॅनव्हासवर ‘ला व्ही’ रंगवलं. क्ष-किरणांच्या तपासणीत खालचं चित्र सापडलं. 1900 च्या शरदात तो कार्लेस कासाजेमास या मित्राबरोबर पॅरिसला गेला. पुढच्या फेब्रुवारीत कासाजेमासने तिथल्या एका कॅफेत स्वतःवर गोळी झाडून घेतली. पिकासोच्या निळ्या चित्रांची सुरुवात अनेक जण या मृत्यूपासून मानतात. त्या चित्रांतल्या ओणव्या, गप्प बायका पाहताना मला नोनेलच आठवतो.

1903 मध्ये क्वात्रे गाट्स बंद पडलं. तासन्‌तास बसून वाद घालणाऱ्या मित्रांवर खानावळ चालत नाही, आणि रोमेऊला धंद्यापेक्षा मंडळींची हौस जास्त. 1908 मध्ये तो क्षयाने गेला. रिकाम्या जागेत आलं ‘संत लुक कलावर्तुळ’. ही संस्था 1893 मध्ये श्रद्धाळू कॅथलिक कलाकारांनी काढली होती, ती कासास-रुसिन्योलांच्या मोकळ्या वागण्याला वैतागूनच. प्रसिद्ध वास्तुकार गौदी तिचा सभासद होता. 1936 मध्ये यादवी युद्ध पेटेपर्यंत ती तिथे होती. त्याच वर्षी कोपऱ्यावरचा संत योसेफही हलवला गेला. त्याच्या जागी 2000 मध्ये नवा पुतळा बसला. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात इमारतीचं मोल कुणाला फारसं वाटलं नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तिथे पुन्हा उपाहारगृह सुरू झालं आणि आतलं रूप जुन्या छायाचित्रांच्या आधाराने परत आणलं गेलं.

आज तिथे जेवायला बसलात तर भिंतीवर दिसणारं सायकलवरचं चित्र ही नक्कल आहे. मूळ चित्र मोंजुइक टेकडीवरच्या कातालोनियाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे, आणि मोटारगाडीचंही तिथेच. कासासने आपल्या कोळशाच्या व्यक्तिचित्रांचा मोठा संच 1909 मध्ये शहराच्या संग्रहालयाला देऊन टाकला होता, तोही तिथे सांभाळला आहे. पिकासोने टाचलेल्या चित्रांपैकी काही आणि मेनूकार्डाचं चित्र पिकासो संग्रहालयात आहे. साबार्तेसच्या पुढाकाराने आणि त्याने दिलेल्या संग्रहावर ते 1963 मध्ये उभं राहिलं, पण फ्रँकोच्या राजवटीत पिकासोचं नाव लावता येईना म्हणून सुरुवातीला ‘साबार्तेस संग्रह’ म्हणूनच उघडलं. बार्सिलोनाला गेलात तर मोन्सियो गल्लीत कॉफी जरूर घ्या, पण त्याच दिवशी मोंजुइक चढून नोनेलच्या आणि मीरच्या चित्रांसमोर थोडा वेळ थांबा.