आधी टाच बाहेर, मग ब्रेक

साक्रीच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला की थांबावंच लागतं. साध्या पेडलवरून पाय आपोआप जमिनीवर येतो. क्लिपलेस पेडलमध्ये बुटाचा तळ अडकून बसतो. तिथे मात्र पाय जुन्या सवयीने वर उचलला जातो, बूट जागचा हलत नाही आणि स्वार सायकलसकट मेंढरांच्या साक्षीने आडवा होतो.

हे पडणं बघणाऱ्याला सावकाश वाटतं, पण हातात वेळ फारच थोडा असतो. स्वार आणि सायकल यांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटर उंच धरला, तर उभी सायकल १ अंश कलल्यावर सेकंदाभरात तो कल ११ अंशांच्या पुढे जातो. पुढच्या अर्ध्या सेकंदात पन्नाशीच्या आसपास. चालत्या सायकलचा तोल हँडल किंचित वळवून सावरता येतो, थांबलेल्या सायकलला ती सोय नाही. म्हणून पाय सोडवायचा तो सायकल चालती असतानाच.

नाव जरा फसवं आहे. पूर्वी शर्यतीच्या पेडलवर बोटांपुढे धातूचा पिंजरा आणि चामडी पट्टा असे, त्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून ‘क्लिपलेस’. १९८४ साली लूक या फ्रेंच कंपनीने बर्फावरच्या स्कीच्या बांधणीवरून असं पेडल बाजारात आणलं, आणि १९८५ साली फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो त्यावर टूर द फ्रान्स ही मोठी शर्यत जिंकला. आपल्या रस्त्यांना मात्र शिमानो या जपानी कंपनीची एसपीडी पद्धत बरी. तिच्यात पेडलमध्ये अडकणारा बुटाखालचा धातूचा तुकडा, म्हणजे क्लीट, छोटी आणि दोन बोल्टची असते. ती बुटाच्या तळव्यात आत बसते, त्यामुळे चहाच्या टपरीपर्यंत माणसासारखं चालत जाता येतं.

क्लीटचं पुढचं नाक पेडलच्या ओठाखाली जातं, मागून स्प्रिंगचा जबडा तिला धरतो. वर कितीही ओढा, जबडा उघडत नाही. टाच बाहेरच्या बाजूला सुमारे १३ अंश फिरली की क्लीटची कड स्प्रिंगला मागे ढकलते आणि पाय सुटतो. एसएच-५६ नावाची क्लीट इतर दिशांनाही जोर लावल्यावर सुटते. नवख्याने तीच घ्यावी.

आता बसवणं. बूट घालून अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी लागणारी हाडं चाचपा, बुटावर बाहेरून खुणा करा. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध यावा. क्लीट तिरकी बसली तर गुडघा दोन-चार दिवसांत तक्रार करतो. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि ४ मिमीच्या एलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, दोन्ही आळीपाळीने आवळा, ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत. १० सेंटिमीटर लांब कीच्या टोकाला साधारण ५ किलोचा जोर म्हणजे तेवढं होतं.

इथे आळस महागात पडतो. एक बोल्ट गळून पडला की उरलेल्या एका बोल्टभोवती बूट फिरतो, क्लीट मात्र पेडलमध्ये आहे तिथेच राहते. टाच कितीही वळवली तरी सुटका नाही. अशा वेळी कशाला तरी टेकून बुटाचा पट्टा सोडायचा आणि पायच बाहेर काढायचा. नव्या क्लीटचे बोल्ट पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघावेत.

पेडलच्या मागच्या स्क्रूने स्प्रिंगचा ताण बदलतो. बहुतेक एसपीडी पेडलना ३ मिमीची की लागते. सुरुवातीला ताण सगळ्यात कमी ठेवा. पेडलला दोन तोंडं असतील तर चारही स्क्रू सारखेच हवेत.

सराव भिंतीशी. एका हाताने भिंत धरून प्रत्येक पायाने २५-३० वेळा अडकवा, सोडवा. पेडल खाली असताना टाच वळवणं सोपं जातं. मग मऊ गवताच्या मैदानावर. आपल्याकडे डावा पाय सोडावा, कारण रस्त्याची कड डावीकडे, गाड्या उजवीकडे आणि चेनही उजवीकडेच. डावा सुटला की शरीरही डावीकडेच कललं पाहिजे. पाय डावा आणि तोल उजवा, हा नेहमीचा घोटाळा. पडतच असाल तर हात टेकू नका, मनगट मोडतं. हँडल धरून खांद्या-कुल्ह्यावर जा.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना प्रश्न निराळा असतो. जड गिअरमध्ये दम संपला की सायकल एका फेऱ्याच्या आत थांबते. हलका गिअर आधीच टाका, आणि वेग चालण्याइतका उरला की एक पाय मोकळा करा. पाय वर ओढून जादा ताकद मिळते, या गोष्टीवर फार विसंबू नये. ताकद मुख्यतः खाली दाबण्यातूनच येते. क्लीटचा खरा फायदा म्हणजे खडबडीत रस्त्यावरही पाय जागच्या जागी राहतो.

उन्हाळ्यात जळगावच्या उन्हात पाय फुगतात आणि तळव्याला आग होते. त्यामुळे बूट संध्याकाळी घ्या, बोटांपुढे थोडी जागा ठेवा, वाटेत पट्टा सैल करा.

पावसाळ्यात शेताच्या बांधावर बूट टेकवलात तर काळी माती क्लीटच्या खाचेत बसते. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते. क्लीट अडकतच नाही, किंवा अर्धवट अडकते, जे जास्त वाईट. लगेच काडीने खरवडा, बाटलीतलं पाणी मारा. घरी जाऊन बघू म्हणाल तर तोवर ती विटेसारखी वाळलेली असते, आणि तिच्याखाली एलन कीचं भोकसुद्धा सापडत नाही.