भवानी मंडप, कोल्हापूर

भवानी मंडप : कोल्हापुरातील जुन्या राजवाड्याचा दर्शनी चौक. अंबाबाईच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. करवीरकर छत्रपतींचे निवासस्थान, कचेऱ्या व कुलदेवता तुळजाभवानीचे देवघर या चौकाभोवती होते. ‘मंडप’ ही संज्ञा मुळात देवीपुढील सभामंडपापुरती असावी. पुढे ती साऱ्या आवाराला लागली. आज ‘मंडपात भेटू’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा देवालय नसते, मोकळा चौक असतो.

बांधकामाच्या काळाबाबत एक घोटाळा वारंवार होतो. करवीर गादीची राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापुरास १७८२ मध्ये हलली, असे जुन्या गॅझेटियरपासून सांगितले जाते आणि तेच साल पुष्कळदा वाड्याच्या उभारणीचेही मानले जाते. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे श्रेयस्कर. १७८२ हे राज्यकारभाराच्या स्थलांतराचे साल आहे. छत्रपतींसाठी राहती जागा त्याआधीच असणे शक्य आहे, आणि वाडा एका दमात बांधला गेला नसावा. चौकामागून चौक वाढत जाणे ही मराठी वाड्यांची नेहमीचीच रीत. सोपे, देवड्या व माजघरे यांच्या जुळणीत ठिकठिकाणी दिसणारा बेमेळही त्याच बाजूने बोलतो.

प्रवेशाचा नगारखाना मात्र निश्चितपणे नंतरचा. १८२१ मध्ये तेव्हाचे छत्रपती आबासाहेब महाराज यांचा वाड्यातच खून झाला. पाठोपाठ त्यांचा बालपुत्रही वारला आणि १८२२ मध्ये बंधू बुवासाहेब (शहाजी) गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत (१८२२–३८) ही घडीव काळ्या दगडाची उंच इमारत उभी राहिली. सामान्यतः १८३० च्या आगेमागे ती धरतात. खाली कमान, वर नौबतीचे मजले. कमानीखालून आत येताना दगडाचे वजन डोक्यावर जाणवते आणि दोन पावलांत चौक एकदम उघडतो. वाड्याचे आतले लाकूडकाम याच्या तुलनेत पुष्कळ साधे आहे. रचनाकाराने सारा डौल दारातच खर्च केलेला दिसतो.

१८५७ च्या डिसेंबरात बंडवाल्यांनी शहराचे दरवाजे बंद केले, ते ब्रिटिश फौजेने फोडले. तेव्हाचे छत्रपती बाबासाहेब महाराज यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर बंडाला साथ दिल्याचा संशय येऊन त्यांना कराचीस नेण्यात आले. ते तेथेच वारले.

ब्रिटिश वास्तुविशारद मेजर मँट याने आराखडा केलेला नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधून झाल्यावर छत्रपतींचा मुक्काम तिकडे गेला आणि जुन्या वाड्याचे राहतेपण ओसरले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. देवीची पूजाअर्चा मात्र जागची हलली नाही. देवालयाच्या बाजूस शिकारीतला पेंढा भरलेला गवा ठेवलेला आहे. दर्शनाला आलेली मुले देवीआधी त्याच्याकडेच वळतात.

नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेस निघते, तेव्हा तिचे वाहन भवानी मंडपात येते व दोन्ही देवींची भेट होते. विजयादशमीस तुळजाभवानीची पालखी येथूनच सीमोल्लंघनासाठी दसरा चौकाकडे जाते.