शेतकरी दाखला म्हणजे शेतीचं कुंपण नव्हे

‘महाराष्ट्रात शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून ती बिल्डरच्या घशात जात नाही,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला जमीन विकायला मनाई करतं. तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट आहेच, आणि औद्योगिक वापरासाठी 63-1अ ची वेगळी सोय.

पण हे कलम घेणारा कोण ते बघतं, जमिनीचं पुढे काय होणार ते नाही. ज्याच्या नावावर आधीच कुठेतरी सातबारा आहे, तो बिल्डरही कागदोपत्री शेतकरीच! पुण्याच्या आसपास तर दहा-अकरा गुंठे पाच-सहा जण मिळून घेतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक, पिकाच्या रकान्यात गवत, आणि प्रत्यक्ष जागेवर चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट.

वापर ठरतो तो दुसरीकडे: 1966 च्या नगररचना कायद्याखालच्या विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत. तिथे शेती झोनचा पिवळा रहिवासी झोन झाला, की दहा पिढ्यांचा शेतकरीही खुशाल इमारत उभी करतो. त्यामुळे प्रारूप आराखड्यावर हरकतींची मुदत सुरू झाली की नकाशात आपला गट नंबर शोधा.