मलप्रभेच्या गाळातला कण आणि मोकळा न्यूट्रॉन, दोघांची स्टॅबिलिटी एक नव्हे

पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांचा एक गोंधळ मला कायम दिसतो. केमिस्ट्रीच्या तासाला कोलॉइडचे, म्हणजे द्रवात तरंगत राहणारे अतिबारीक कण स्टेबल असं शिकतात, लगेच पुढच्या तासाला फिजिक्समध्ये प्रोटॉन स्टेबल आणि न्यूट्रॉन अनस्टेबल, आणि मग डोक्यात एकच चित्र बसतं की स्टेबल म्हणजे जो कण फुटत नाही तो. पण कोलॉइडमध्ये कण फुटायचा प्रश्नच नसतो की, तिथं भीती उलटी असते, कण एकमेकांना चिकटतील याची.

पावसाळ्यात खानापूरकडं मलप्रभेचं पाणी कसं तांबडंलाल येतंय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ते घागरीत भरून ठेवलं तर रेती लगेच तळाला बसते, पण वरचं गढूळपण दुसऱ्या दिवशी पण जात नाही. हे मायक्रोमीटरपेक्षा बारीक मातीचे कण, पाण्याचे रेणू त्यांना सगळीकडून धक्के देत राहतात म्हणून खाली बसत नाहीत, आणि त्यांच्या अंगावर साधारण निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून जवळ आले की एकमेकांना ढकलतात. खरं बघायला गेलं तर एनर्जीच्या हिशोबात त्यांना चिकटूनच राहणं परवडतं, एकदम जवळ आले तर व्हॅन डर वाल्सचं आकर्षण, म्हणजे अगदी जवळच्या कणांमधली ओढ, त्यांना सोडतच नाही, पण तिथवर पोचायच्या आधी मध्ये एक चढ आहे. बेळगावाहून गोव्याला जाताना शेवटी खालीच उतरायचं असतं, तरी आधी चोर्ला घाटाचा माथा गाठावा लागतोच की, तसंच हे. तुरटी फिरवली की अ‍ॅल्युमिनियमचे तीन-तीन पॉझिटिव्ह चार्जवाले आयन कणांचा चार्ज मारतात, चढ बुटका होतो, कण चिकटून मोठे होतात आणि वजनानं खाली बसतात. मिठानं पण हे होतं, पण सोडियमवर चार्ज एकच, त्यामुळं मीठ एवढं घालावं लागेल की ते पाणी तोंडात धरवणार नाही. या चढाचं गणित डेर्यागिन आणि लँडाऊ यांनी १९४१ मध्ये मांडलं, फेरवे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये.

चढ पुरेसा उंच असला तर कोलॉइड किती टिकावं? फॅरेडेनं १८५० च्या दशकात केलेलं सोन्याचं कोलॉइड लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून लालच आहे. दीडशे वर्षं उलटून गेली, आणि हिशोबानं ते तेव्हापासून अनस्टेबलच आहे!

आता न्यूट्रॉन. अणुकेंद्राच्या बाहेर एकटा सोडला तर सरासरी ८८० सेकंदांच्या आसपास, म्हणजे पंधरा मिनिटं पण नाही, तेवढ्यात तो प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो (जवळजवळ वजनच नसलेला एक कण) होऊन जातो. शेजारी कोण आहे, पाणी खारट आहे का, गरम केलंय का, ढवळलंय का, याचं त्याला काही पडलेलं नसतं. त्याचं वस्तुमान प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दोघांच्या बेरजेपेक्षा जरासं जास्त आहे, म्हणून फुटायची वाट उघडी आहे, आणि हे काम ज्या बलामुळं होतं ते वीक फोर्स फार दुबळं, म्हणून एवढा वेळ तरी लागतो. म्यूऑनला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावाला, तेवढापण मिळत नाही, २.२ मायक्रोसेकंदात खेळ संपला.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती वयाची, आणि नेमकी तीच शिकवताना सुटते. कोलॉइड म्हातारं होतं, कालचं दूध आज नासतं कारण मधल्या वेळात त्यात आम्ल वाढलेलं असतं आणि पीएच ४.६ कडं सरकला की केसीनचे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचे कण गोळा होतात, म्हणजे त्या दुधाचं काय काय झालंय त्यावर सगळं ठरतं. न्यूट्रॉन म्हातारा होतच नाही. वीस मिनिटं टिकून राहिलेला न्यूट्रॉन आणि आत्ता सुटलेला न्यूट्रॉन, दोघांची पुढच्या दहा मिनिटांत जायची शक्यता तंतोतंत सारखी, साधारण निम्मी. मागचं काहीच त्याच्या खात्यात जमा होत नाही.

शेजाऱ्यांचा संबंध एकाच ठिकाणी येतो, केंद्रकात. हेलियमच्या केंद्रकातला न्यूट्रॉन कायम टिकतो, कारण तिथं त्याचा प्रोटॉन केला तर लागणारी एनर्जी परवडत नाही, वाटच बंद. चढ नाही हा, वाटच नाही.

आणि प्रोटॉन? तो खरंच कायमचा आहे का हे बघायला आपल्याच कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरपेक्षा जास्त खोल, १९८० च्या दशकात टाटा इन्स्टिट्यूटच्या आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी लोखंडाचा मोठा डिटेक्टर लावून वाट बघितली होती. प्रोटॉन गेला असावा असं वाटायला लावणाऱ्या काही नोंदी त्यांना मिळाल्या, पण पुढं कुणालाच ते पक्कं करता आलं नाही. नंतर जपानच्या सुपर कामिओकांडे या डिटेक्टरनं तर एका प्रकारच्या क्षयासाठी (फुटण्यासाठी) प्रोटॉनच्या आयुष्याची किमान सीमा १ वर ३४ शून्यं एवढ्या वर्षांच्या पलीकडं ढकलली, आणि अजून एकही प्रोटॉन गेलेला सापडलेला नाही.